गोपाळच्या स्लॅबचा उरलेला माल

— नाई नाई मॅडम, टेप तिथून नका धरू. तिथून धरसान तं गल्ली रुंद दिसन, अन् मंग तुमचे साहेब म्हणतीन का एवढी जागा हाय तं चालाले काय झालं. इकडून धरा. हा उतार दिसून राह्यला नं, गाडी घरात चढवायचा? हा हातभर बाहेर आला. समोरच्याचा भी आला. मधात नाली, नालीवरची फरशी अर्धी फुटेल. उरलं काय — सहा फूट. त्या सहा फुटात येणारी गाडी, जाणारी गाडी, भाजीचा ठेला, अन् त्यातूनच म्हातारं माणूस. लिहा सहा. पाच लिहलं तरी चालते, मी काई कोणाले सांगत नाई. — हा? हा कोणता, हा गतिरोधक? असंन कोणी बांधला. गल्लीत गतिरोधक राह्यतेच बाप्पा. जुना हाय. म्हंजे लय जुना नाई, पण हाय. त्याले काऊन मोजता? उन्हात काऊन उभ्या राह्यल्या तुम्ही, ओट्यावर या, चहा ठेवलाच हाय मी.

बसा. त्या खुर्चीवर नका, तिचा पाय हालते — हाव, ह्या. ह्या खुर्च्या पाह्यल्या? चार माह्या, सात मागून आणेल. तुमच्या फॉर्मात लिहलं होतं नं, गल्ली पायी चालण्याजोगी कराले निधी पाह्यजे असंन तं रहिवाशांची समिती पाह्यजे, कमीत कमी अकरा जण, अन् महिन्याले बैठक. मी घरोघरी गेलो. सह्या झाल्या, बराबर झाल्या — कोलते सर म्हणतात तं करून टाका सही, वाचते कोण. मंग पहिली बैठक ठेवली, रविवारी पाच वाजता, याच ओट्यावर. अकरा खुर्च्या मांडल्या, चिवडा केला. आले किती? दोन. एक गोपाळ, शेजारचा, अन् एक त्याची पोट्टी छकुली, ती चिवड्यासाठी. मी वहीत लिहलं — सविस्तर चर्चा झाली. आता चर्चा कोणाची झाली? माही अन् माहीच झाली. पण झाली. तुम्ही ते वाचलं असंन, अन् म्हणलं असंन, वा, काय एकजूट हाय या गल्लीत! — हसा, हसा. लय दिवसानं या ओट्यावर कोणी हसलं.

साखर चालते नं? मी दोन कपच ठेवतो नेहमी. सवय. मंग एक पितो अन् दुसरा भी मीच पितो, थंडा झाल्यावर. — तं मी काय सांगत होतो? हाव, गल्ली. चौतीस घरं. पह्यले इथून कोणी जात नव्हतं, गल्लीतले लोक सोडून. मंग मोठ्या रस्त्याचं काम निघालं, अन् कॉलेजच्या पोट्ट्यांले समजलं का इकडून शॉर्टकट हाय. झालं! संध्याकाळी पाच ते सात अशा गाड्या उडवतात — एकावर तिघं, हॉर्नवर बोट ठेवूनच. म्हाताऱ्याईनं देवळात जाणं सोडलं. शिंप्याची आजी तं भिंतीले हात लावूनच चाले, अन् कोपऱ्यावर उभी राहून ओरडे — येऊ का रे? म्हंजे रस्त्याले विचारे, येऊ का. आपल्याच गल्लीत पायी चालणं म्हंजे गुन्हा करून राह्यल्यासारखं. तुमच्या कागदात जे लिहलं हाय नं, पायी चालणाऱ्याचा पह्यला हक्क — मले लय आवडलं ते. मी ते मोठ्या अक्षरात काढून घरात लावलं. अक्षर माहं चांगलं हाय. चित्रकलेचा मास्तर, अडतीस वर्सं. चित्रकलेच्या तासाले मास्तर बोलत नाई, नुसता बाकांमधून फिरते. जिंदगीभर बोललो नाई, आता कोणी भेटलं का थांबता येत नाई. माफ करा.

हा नकाशा मीच काढला. हा पिवळा पट्टा — हा चालायचा. एका बाजूनं, देवळापासून तं पार माह्या फाटकापर्यंत, दोन माणसं जोडीनं चालतीन एवढा. नाली झाकायची, उतार कापायचे — त्याले लोक कबूल हायेत, गोपाळ तं पह्यले माहाच कापा म्हणते. वळणावर एक लाइट. अन् इथी, बराबर देवळाच्या अन् माह्या घराच्या मधात, एक बाक. — बाक काऊन? थकलं तं बसाले. वॉकर घेऊन चालणारं माणूस एका दमात देवळापर्यंत नाई जाऊ शकत नं. — कोणाचा वॉकर? आमच्या घरचीचा. आशाबाई. पुण्याले असते, राजकुमारकडं, पोरगा माहा. खुब्याचं हाड मोडलं तिचं, दीड वर्स झालं. ऑपरेशन चांगलं झालं, डाक्टर म्हणते रोज चाला, जेवढं चालसान तेवढं चांगलं. पण तिथी चालन कुठी? आठव्या मजल्यावर घर, चांगलं हाय, सून चांगली हाय, मी काई नाव ठेवून नाई राह्यलो. पण गॅलरीत चालते ती. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बारा पावलं, मंग वळायचं. मले फोनवर मोजून दाखवते. म्हणते, मले आपल्या गल्लीत चालायचं हाय, इथी कोणाले मी माईत नाई, मी चालली काय अन् बसली काय.

कशी पडली? गाडीवरून. गतिरोधकावरून गाडी उसळली अन् — असू द्या ते. ते काऊन लिहून राह्यल्या? कोणता गतिरोधक म्हंजे... गावात काय एकच गतिरोधक हाय का मॅडम?

— गोपाळनं? कधी सांगतलं? आत्ता, टेप धरता धरता? या गोपाळच्या तोंडाले काई — नाई, त्याचं काई चुकलं नाई. त्याले वाटलं असंन सरांचं नाव होईन. तुम्ही विचारलं असंन, निधीच्या आधी गल्लीनं आपल्या हातानं काई केलं का, अन् तो म्हणला असंन, हाव, कोलते सरांनं हा गतिरोधक बांधला. म्हणला नं? मले मालूम हाय तो काय म्हणला. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.

बांधला. मीच बांधला. आता झाकून काय करू? मागच्या उन्हाळ्याच्या आधीच्या उन्हाळ्यात गोपाळच्या घराचा स्लॅब टाकला. स्लॅबचा दिवस म्हंजे तुम्हाले माईत हाय, मजुरांले जेवण, गल्लीले जेवण, जिलबी. संध्याकाळी काम सरलं अन् माल उरला. चांगला कालवलेला माल, गिट्टी-सिमेंट, फेकाले कोणाचा जीव होत नव्हता. घंटाभरात गोटा होऊन जाईन. अन् माह्या डोक्यात आलं. आशाबाई तेव्हा संग्रामपूरले होती, बहिणीकडं, कुरड्या-पापडं कराले. दरवर्सी जाते — जात होती. अन् दोन वर्सांपासून ती माह्या मागं लागेल होती का हो, त्या पोट्ट्यांचं काई करा, मास्तर म्हून गावात मान हाय तुम्हाले, काई करा. मी अर्ज देत होतो. अर्जच देत होतो. तं म्हणलं, हे घ्या, देवानंच माल पाठवला. घमेलं मी उचललं मॅडम, ह्या हातानं, ह्या वयात. पोट्टे हसत होते, म्हणत होते सर आता मिस्त्री झाले. थापी मारली, गोलाई दिली. पण झाला उंच. लय उंच झाला. काऊन का मी तो मालाच्या मानानं बांधला, गाडीच्या मानानं नाई. जेवढा उरला तेवढा सारा ओतला. तुम्ही आत्ता टेपनं मोजला नं, किती भरला? नका सांगू.

अन् त्याच्यावरचे पांढरे पट्टे? तेच तं. पांढऱ्या रंगाचा डबा मी दुसऱ्याच दिवशी आणला. तो पाहा, आत खिडकीत, अजूनही फोडेल नाई. पण सिमेंटले पाणी मारा लागते, एकवीस दिवस. ओलं पोतं टाका लागते, पण ते गाड्या ओढून नेत. ओल्यावर रंग मारला तं पापुद्रे निघतात — हे चित्रकलेच्या मास्तराले नाई समजन तं कोणाले समजन? म्हणलं काम करायचं तं नीट करायचं. सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन पाणी टाकत होतो, लेकरावानी. चुन्याचे दोन फरकाटे मारले असते तरी झालं असतं. दोन फरकाटे! एका मिनिटाचं काम. नाई सुचलं. करायले गेलो गणपती अन् झाला मारुती, असं म्हणतात नं लोक — माह्या हातून मारुती भी नाई झाला.

नवव्या दिवशी ती आली. मी फोनवर काई सांगतलं नव्हतं. म्हणलं, येईन तं पाहीन. तिचा भाचा, गोविंदा, स्टँडवरून घेऊन आला गाडीवर. ती एकांगी बसेल, लुगडं नेसेल बाई कशी बसन? मांडीवर कुरड्यांची पिशवी, एक हात पिशवीवर, एक हात त्याच्या खांद्यावर. दिवेलागणीची वेळ होती. मी इथी उभा होतो. याच जागी. अन् मी हसून राह्यलो होतो मॅडम. म्हणलं, आता गाडी हळू होईन, अन् ती विचारीन, अगबाई, हे कोणं केलं हो? अन् मी म्हणीन — काय म्हणीन ते भी ठरवून ठेवलं होतं. आता नाई आठवत. गोविंदाले कुठी माईत होतं तिथी काई हाय म्हून, तो नेहमीच्या सवयीनं आला. सिमेंटचा रस्ता, सिमेंटचाच उंचवटा, एकच रंग. माह्या तोंडावरचं हसू जाईपर्यंत ती खाली पडेल होती.

पडल्या पडल्या तिनं पह्यले पिशवीकडं पाह्यलं. कुरड्यांचा चुरा झाला होता. मी धावलो, तिचं डोकं मांडीवर घेतलं, अन् ती कण्हत कण्हत म्हणाली — कोणत्या मेल्यानं बांधला हा इथी? अन् माह्या तोंडून निघून गेलं — पालिकेनं. बस. एक शब्द. म्हणलं आता दुखून राह्यलं तिले, मंग सांगू. मंग दवाखाना, मंग ऑपरेशन, मंग पोरगा गाडी घेऊन आला अन् घेऊन गेला. कुरड्यांचा चुरा तीन दिवस चिमण्या वेचत होत्या.

रोज साडेसहाले फोन करते. जेवले का, गोळी घेतली का, तुळशीले पाणी टाकलं का, अन् मंग शेवटी विचारते — काढला का हो तो? मी म्हणतो, अर्ज देला हाय. अन् ती म्हणते, ज्या मेल्यानं बांधला त्याचे हात झडो. रोज म्हणते. अन् मी काय म्हणतो? हाव म्हणतो. दीड वर्सापासून मी रोज साडेसहाले माह्याच हाताले हाव म्हणून राह्यलो.

अर्ज खरंच देला होता. खोटं एकच बोललो, बाकी सारं खरं. दोन महिन्यांनं उत्तर आलं. पाठ हाय मले — सदर गतिरोधक या कार्यालयाच्या नोंदीत आढळून येत नाही, सबब तो काढण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आता घ्या! जो नाईच तो काढन कोण? मंग फोडाले मीच लोखंडी सबल आणली एक दिवस, पहार. दोन घाव मारले असतीन — ते पाहा, तिथी कोपरा उडेल हाय — तं चार घरचे लोक बाहेर आले. गोपाळनं हात धरला. म्हणे सर, राहू द्या, पोट्टे आता हळू जातात. शिंप्याची आजी म्हणे, बाबा, मी आता विचारल्याबिगर देवळात जातो. छकुली बाहेर खेळते. दिवाळीले तिनं त्याच्यावर रांगोळी काढली होती, अशी लांबच लांब. म्हंजे काम तं केलं त्यानं! ज्याच्यासाठी बांधला ते झालं, अन् जिच्यासाठी बांधला ती पुण्याले. सांगा, मी काय फोडू अन् काय ठेवू?

अन् हे साऱ्या गल्लीले माईत हाय. चौतीस घरं! बाया तिले फोन करतात, घंटा घंटा बोलतात — पण एक तोंड नाई फुटलं आतापर्यंत. कोणी कोणाले सांगतलं नाई का लपवा म्हून. आपोआप. मले रस्त्यानं पाहतात अन् मान खाली घालतात. वाईट लोक नाईत, लय चांगले हायेत. पण त्याच्यामुळंच तं कोणी या ओट्यावर येऊन बसत नाई. बसलं तं बोला लागन, बोललं तं तिचं निघन. म्हून बैठकीले दोनच आले. मले सवय झाली, असं मी म्हणतो. सवय नाई होत. खरं सांगतो पोरी, लय एकटं वाटते. टीव्ही लावतो तं तो भी माह्याशी नाई, दुसऱ्याशीच बोलून राह्यला असं वाटते.

— हाव? तुम्ही काय विचारलं? ती काऊन येत नाई, निधी येईपर्यंत तरी? आता पाय तं चांगला हाय नं?

पाय चांगला हाय. राजकुमार दोनदा निघाला होता तिले घेऊन. एकदा तं बॅग भरेल होती. मी... मी म्हणलो आताच नको आणू, गल्ली नीट नाई, पुन्हा पडन. दिवाळीले भी म्हणलो. संक्रांतीले भी म्हणलो. निधी येऊ दे, पट्टा होऊ दे, बाक होऊ दे, मंग आण. मीच थांबवलं. काऊन? ती इथी आली का पह्यल्याच दिवशी कोणाच्या ना कोणाच्या तोंडून निघनच. पोट्ट्याच्या तोंडून निघन. अन् ती माह्याकडं पाहीन. एकेचाळीस वर्सं संसार केला, तिनं मले चिडून पाह्यलं, रागानं पाह्यलं, पण तसं — तसं कधी पाह्यलं नाई, जसं ती त्या बांधणाऱ्याले शाप देताना पाहत असंन. हे मी कोणाले सांगतलं नव्हतं. तुमचा फॉर्म कुठी अन् मी कुठी पोहोचलो. पेन खाली ठेवा जराक.

अन् काल काय म्हणाली, सांगू? काढला का, असं नाई विचारलं काल. हात झडो भी नाई म्हणाली. मंग म्हणाली, एक विचारू का, खरं सांगसान — तुम्हाले मी नको झाली का? एकट्याची सवय झाली का तुम्हाले?

मी काय उत्तर देलं? आवाज कटून राह्यला म्हणलो अन् फोन ठेवला. असा बह्याड, बिनअकलेचा माणूस हाय मी. ती रात्रभर काय समजली असंन, सांगा बरं. बारा पावलं इकडं, बारा पावलं तिकडं, अन् डोक्यात हेच का नवऱ्याले मी नको.

— नाव? बांधणाऱ्याचं नाव कायले पाह्यजे? रहिवाशांनी बांधला, असं लिहा नं. — त्या रकान्यात माणसाचंच नाव लागते? अन् ते बोर्डावर येईन? गल्लीच्या तोंडाशी? पुढाकार म्हून! वा रे वा. ज्याच्यासाठी मी दीड वर्सं तोंड झाकून बसलो ते तुम्ही बोर्डावर रंगवसान, अन् निधीसाठी त्याचे गुण भी मिळतीन गल्लीले. अन् नाव नसलं तं? कमी होतात. बाक जाईन का मंग? — बाक कटू शकते म्हणता. हं.

किती वाजले? साडेसहा व्हायले आले.

लिहा. रहिवाशांनी नका लिहू. लिहा — वामन किसनराव कोलते. कोलतेतला को काना-मात्रा देऊन नीट काढा, ते अक्षर लोक बिघडवतात. अन् त्याच्या खाली जागा हाय का? असंन तं लिहा का उंची चुकली, अन् पट्टे मारले नव्हते. गुण कापले तरी चालते. आणा इकडं, सही करतो. — झाली. माहीच सही हाय, घ्या.

वाजला पाहा. तीच हाय. — हॅलो. हाव. हाव, जेवीन मंग. हाव, टाकलं पाणी. आशा — आशा, थांब जराक. आज तू काई विचारू नको, मीच सांगतो. निधीच्या मॅडम बसल्या हायेत, त्याइले जाऊ दे. ठेवू नको फोन. चालूच ठेव.

या मॅडम तुम्ही आता. कप राहू द्या तिथीच. फाटक तेवढं ओढून घ्या. अन् गाडी हळू काढा — पट्टे नाईत त्याले.